पहिलं पाणी गार

लातूर
१२ जानेवारी २००४

ति. मामूजान यांस,

अस्सलाम अलैकुम. मी आणि अम्मी खुशाल आहोत. थंडीने अम्मीचा गुडघा धरतो, पण ती चालती-फिरती आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि बूथवाल्यासमोर मला ओरडून बोलवत नाही, म्हणून लिहितो आहे. तुमची नात जेबा वाचून दाखवीलच.

बातमी चांगली आहे. औसा रोडवरच्या मुलींच्या वसतिगृहातल्या दोन कपडे धुण्याच्या मशीनी सांभाळायचं काम मला मिळालं. बासष्ट मुली आहेत, सगळ्या खेड्यापाड्यांतून अकरावी-बारावी आणि क्लाससाठी आलेल्या. मालक आप्पासाहेब शेतकरी माणूस. क्लासवाल्यांची गर्दी वाढली तसं त्यांनी रस्त्याकडेच्या रानात इमारत बांधली. दुसरी इमारत जूनपर्यंत उभी राहील. तिच्यात चार मशीनी येणार आहेत. एवढे महिने तक्रार आली नाही तर त्याही माझ्याकडे.

मशीनवर रोज काम करतात त्या केवळाबाई. भूकंपात त्यांचं गाव गेलं, घरची माणसंही गेली. वसतिगृहाच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली त्यांना दिली आहे. सिमेंटच्या छताखाली त्या झोपत नाहीत.

आता विचारायची गोष्ट. या मशीनीला समोरून गोल काचेचं दार आहे आणि मागे पाणी घ्यायचं तोंड एकच आहे. एका डॉक्टरांकडच्या जुन्या विलायती मशीनीला मी दोन तोंडं पाहिली होती, लाल आणि निळं. लालला गरम पाणी, निळ्याला गार. या नव्या मशीनीला फक्त निळी चकती आहे. ती गारच पाणी घेते आणि आतल्या कांडीवर स्वतः तापवते.

आप्पासाहेबांना हे पटत नाही. परवा ते मला गच्चीवर घेऊन गेले आणि सोलरच्या टाकीवर थाप मारून म्हणाले, "मिस्त्री, हितं फुकटात पाणी तापून राहिलंय, अन् खाली ती मशीन करंट खाऊन गार पाणी तापवून राहिली. हे कोण्या शाण्यानं काढलं?"

आठवीनंतर माझी शाळा सुटली. मशीनसोबतचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि ते आप्पासाहेबांच्या कपाटात असतं. तुम्ही चाळीस वर्षं धुण्याची भट्टी चालवलीत. कपडा कोणत्या पाण्याने निघतो, आणि नवी मशीन गारच पाणी का मागते, एवढं कळवावं. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमचा भाचा
शारिक

—

बिलोली
१९ जानेवारी

बेटा शारिक,

दुवा. तुझं पत्र जेबाने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मी मुद्दाम वाचायला लावलं, कारण भट्टी बंद झाल्यापासून पाच वर्षांत मला कुणी कामातलं काही विचारलं नव्हतं. इथे आता विचारतात ते एवढंच, की मामू, गोळ्या घेतल्या का.

कपडा गरमाने निघतो. यात विचारायचं काय? आपल्या भट्टीत कचेरीतल्या साहेबांचे सदरे यायचे. तांब्याच्या हंड्यावर कपड्यांचे थर रचायचे, खाली जाळ, वरून वाफ. घामाचा, तेलाचा, शाईचा, सगळा मळ वाफेपुढे हात जोडतो. गार पाण्याने धूळ निघते, मळ नाही. कंपनीने एक तोंड कमी केलं, तेवढं पितळ वाचवलं. तिचं एकच तोंड असेल तर त्याच तोंडात गरम पाणी घाल. मालकाचं बरोबर आहे. चांगलं कडकडीत दे.

मकबूल

शारिक भाई, हे खालचं मी माझ्या मनाने लिहिते आहे. दादांना दिसत नाही म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. एक तर मशीनचं पुस्तक आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. दुसरं म्हणजे, मी मार्चमध्ये दहावीला बसते आहे. अब्बांचं म्हणणं, लातूरला क्लासला जाऊ दे. दादा म्हणतात, "पोरगी परक्या गावात कुणाच्या अंथरुणावर निजणार?" दादांच्या 'हो'शिवाय घरात काही होत नाही. तर तुमच्या पत्रांत वसतिगृहाबद्दल जरा चांगलं लिहीत जा. – जेबा

—

लातूर
२७ जानेवारी

ति. मामूजान,

अस्सलाम अलैकुम. तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं आणि शनिवारीच मी काम केलं.

सोलरच्या टाकीपासून मशीनपर्यंत नळ आणला. गच्चीवरून तीन मजले खाली आणि मग मागच्या मोरीपर्यंत, दोनदा मोजून बहात्तर फूट भरला. पण पहिल्या दिवशी गंमत झाली. मशीन लावली आणि काचेला हात लावला तर गार. पुन्हा लावली, पुन्हा गार. मग मी नळाखाली बादली धरून बघितलं. नळात आधीचं थांबलेलं गार पाणी एक बादलीभर निघतं आणि त्यानंतर गरम येतं. ही मशीन एका वेळी बादली-सव्वा बादलीच पाणी घेते. म्हणजे गरम पाणी खाली पोचेपर्यंत तिचं पोट भरलेलं असतं.

आप्पासाहेब म्हणाले, "मग उपेग काय झाला?" मी विचार केला आणि मशीनच्या आधी एक तोटी बसवली. आता मशीन लावण्यापूर्वी ती तोटी उघडून गार पाणी बादलीत काढायचं, हात धरवेनासा झाला की तोटी बंद करायची आणि मग मशीन चालू. इथे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, म्हणून ते बादलीभर पाणी वाया जात नाही, फरशी पुसायला जातं.

केवळाबाईंनी एक खोडा घातला. म्हणाल्या, "आरं, आदी गारात पडू दी की कापड. येकदम कढत कशापायी?" मी म्हटलं, माझे मामू भट्टीवाले आहेत, त्यांनी पत्रात लिहून दिलं आहे. त्या म्हणाल्या, "मग लिवल्यालं बराबर आसंल," आणि कामाला लागल्या.

जेबाला सांगावं, वसतिगृह चांगलं आहे. संध्याकाळी सातनंतर फाटक बंद असतं. वरणात पाणी कमी असतं.

तुमचा
शारिक

—

बिलोली
६ फेब्रुवारी

बेटा शारिक,

ईद मुबारक. तुझ्या मामीने मटण असं शिजवलं होतं की माझ्या तीन दातांनाही ते जड गेलं नाही.

ईदगाहवर मी सगळ्यांना सांगितलं. म्हटलं, लातूरला आमच्या भाच्याच्या हाताखाली मशीनी आहेत, आणि त्या मकबूल भट्टीवाल्याच्या सांगण्यावर चालतात. शिवलिंग मास्तर रस्त्यात भेटले, त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मकबूलभाई, तुमची भट्टी विझली न्हाई म्हणायची." मी घरी येऊन दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

मशीन कशी चालली आहे ते सविस्तर कळव. सदऱ्यांच्या कॉलरी निघतात का? केवळाबाई म्हणते त्याकडे लक्ष देऊ नकोस. गारात टाकणं म्हणजे धुणं नव्हे.

मकबूल

शारिक भाई, दादा तुमची पत्रं उशाखाली ठेवतात. दिसत नाही तरी उघडून बघतात. एवढंच सांगायचं होतं. – जेबा

—

लातूर
१४ फेब्रुवारी

ति. मामूजान,

अस्सलाम अलैकुम. पत्र मिळालं. वाचून फार बरं वाटलं.

मशीन चांगली चालते. कॉलरी स्वच्छ निघतात. अम्मीचा गुडघा आता बरा आहे.

वसतिगृहात एक लहानशी अडचण झाली आहे. काही चादरी खराब झाल्या. आप्पासाहेबांचं म्हणणं, केवळाबाईंनी काहीतरी चुकीचं औषध टाकलं. त्यांना महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितलं आहे. नवी बाई बघत आहेत. केवळाबाई काही बोलल्या नाहीत. त्या जातील कुठे, हे मला माहीत नाही.

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीच्या एका माणसाच्या घरी कुणाच्या तरी नाकातून रक्त आलं होतं. त्या चादरीवर चुकून गरम पाणी पडलं आणि डाग तपकिरी होऊन पक्के बसले. असे डाग काढायला तुमच्याकडे काही उपाय आहे का? चौदा चादरी आहेत. घाई नाही, पण लवकर कळवावं.

शारिक

—

बिलोली
२० फेब्रुवारी

शारिक,

चौदा जणांच्या नाकातून एका आठवड्यात रक्त येत नाही.

मी चाळीस वर्षं या गावाचे कपडे धुतले. कुणाच्या घरी काय झालं ते धोब्याला हकीमाच्या आधी कळतं. आम्हाला सगळं कळायचं आणि आम्ही कधी तोंड उघडलं नाही. मुलींचं वसतिगृह आहे, चादरींना डाग पडणारच. त्यात लाज कसली? हे लिहिताना जेबा मान खाली घालून हसते आहे. तिलाही कळतं. तू एकटाच आहेस ज्याला वाटतं की कुणाला कळत नाही.

आता नीट ऐक. गरम पाणी तू घातलंस, पण ते मी घालायला लावलं. तुझं पत्र ऐकलं आणि तेव्हापासून मला चैन नाही.

भट्टीवर कपडे आले की पहिला दिवस आम्ही ते हौदात गार पाण्यात टाकायचो. डागांचे वेगळे काढायचे, दूध, अंडं, रक्त. ते गारात चोळून साफ झाल्याशिवाय भट्टीजवळसुद्धा नेऊ द्यायचे नाहीत. माझ्या बापाने पहिली थप्पड मला याच्यावरच दिली होती. पण ते काम बायका-पोरं करायची. धुणं सुरू व्हायचं ते दुसऱ्या दिवशी, हंड्याखाली जाळ केला की. तू विचारलंस कपडा कशाने धुतात, मी जाळाचं सांगितलं. हौद माझ्या ध्यानातच आला नाही. चाळीस वर्षं जे रोज केलं ते मी धुण्यात कधी धरलंच नव्हतं. आणि ती बाई तेच सांगत होती, तर मी तुला लिहिलं, लक्ष देऊ नकोस.

उपाय आहे. निघतीलच असं सांगत नाही. बसलेला डाग हट्टी असतो. चादर एक दिवस मिठाच्या गार पाण्यात ठेव. मग कच्ची पपई सालासकट किस, फडक्यात बांध आणि ती पुरचुंडी डागावर चोळ. सावलीत दोन तास ओलं राहू दे, वाळू देऊ नकोस. मग गार पाण्याने धू. असं तीन-चार दिवस रोज कर. हाताला फडकं बांध, पपईचा चीक चावतो. ईदेच्या मटणाला तुझी मामी तेच लावते. मांस ज्याने सुटतं, रक्तही त्यानेच सुटतं.

पण चादरी भिजवण्याआधी मालकाकडे जा आणि खरं सांग. डाग निघाल्यावर सांगशील तर ते शाबासकी मागणं होईल. त्या बाईला आधीच एकदा घराबाहेर यावं लागलं आहे. पुन्हा आपल्यामुळे नको.

ईदगाहवर मी काय सांगितलं त्याची फिकीर करू नकोस. पुढच्या जुम्म्याला बाकीचं सांगीन.

मकबूल

शारिक भाई, आमच्या विज्ञानाच्या सुमय्या मॅडमना मी विचारलं. मशीनच्या पावडरीत विकर, म्हणजे एन्झाइम असतात. आमच्या पुस्तकात तो धडा आहे. पपईच्या चिकातही विकरच असतात. रक्त, दूध, अंडं यांचे डाग ते तोडतात. पण ते कोमट पाण्यात काम करतात, कडकडीत पाणी एकदम पडलं की निकामी होतात. आणि गरम पाण्यात अंडं जसं घट्ट होतं तसं रक्तही कापडाला धरून बसतं. म्हणून मशीन गार पाणी घेते आणि हळूहळू तापवते, म्हणजे मधल्या वेळात विकरांना काम करता येतं. मॅडम म्हणाल्या, थोडंसंच पाणी असल्याने आत तापवायला वीजही फार लागत नाही, आणि एक तोंड कमी झालं तर कंपनीलाही ते स्वस्त पडतं. म्हणजे पितळेबद्दल दादा थोडे बरोबर होते. हे त्यांना मी आजच सांगणार आहे, त्यांना त्याची गरज आहे. – जेबा

—

लातूर
२५ फेब्रुवारी

मा. आप्पासाहेब यांस,
सप्रेम नमस्कार.

हे तोंडी सांगायला मी काल दोनदा आपल्या दारापर्यंत आलो होतो. जमलं नाही, म्हणून लिहून केवळाबाईंच्या हाती न देता स्वतः आपल्या टेबलावर ठेवत आहे.

चौदा चादरी केवळाबाईंमुळे खराब झाल्या नाहीत. त्यांनी कोणतंही औषध टाकलं नाही. मशीनला सोलरचं कढत पाणी मी जोडलं. निळी चकती मी पाहिली होती. तिचा अर्थ गार पाणी, हे मला ठाऊक होतं. आधी गार पाण्यात भिजवू द्या, असं केवळाबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. कढत पाण्याने रक्ताचे डाग पक्के झाले.

आपण त्यांना दोष दिलात तेव्हा मी तिथेच पाना हातात घेऊन उभा होतो आणि गप्प राहिलो. नंतर मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "तुजी रोजी हाय बाबा. माजं काय, पत्रा कुठंबी मिळतोय." तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही.

त्यांना गार पाण्याचं कसं माहीत, तेही त्यांनी सांगितलं. भूकंपानंतरचे आठ दिवस त्या ओढ्यावर लोकांचे कपडे धूत होत्या. "गरम पानी हुतं कुठं? गारात सगळं निघालं. म्हून ठावं."

डाग काढायचा एक उपाय माझ्या मामूंनी कळवला आहे. आपण परवानगी दिली तर करून बघतो. मशीनचा गरम नळ मी आज काढून ठेवला आहे. मला काढायचं असेल तर काढावं, परंतु त्यांना काढू नये.

आपला
शारिक

—

२६ फेब्रुवारी

शारिक मिस्त्री,

पत्र वाचलं. समोर सांगितलं असतं तर मी ओरडलो असतो, म्हणून लिहिलंत. आता एकट्याने वाचून एकटाच ओरडलो.

सोलरचं पाणी लावा हा हट्ट कुणाचा होता, ते तुम्ही लिहिलं नाही. मी लिहितो. माझा होता.

केवळाबाईकडे मी स्वतः गेलो. म्हटलं, चूक झाली, राहा. त्या म्हणाल्या, "ऱ्हाते. पन मशिनीला पानी कुठलं जोडायचं ते म्या सांगनार." कबूल केलं. तुम्हीही करा.

नव्या इमारतीचं आत्ता बोलत नाही. चादरींचं काय होतं ते बघू. मशीनचं पुस्तक सोबत पाठवतो. माझ्या कपाटात त्याला वाळवी लागली असती.

आप्पासाहेब

—

लातूर
९ मार्च

ति. मामूजान,

अस्सलाम अलैकुम. तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं. आधी मालक, मग मीठ, मग पपई.

मंडईत कच्च्या पपया सात घेतल्या. पपईवाल्याने विचारलं, "मिया, किती मानसांचं मटन हाय?" मी म्हटलं, चौदा चादरींचं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एक पपई वर घातली.

केवळाबाईंनी मला पपईला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "तू वेळ मोज, चोळायचं माज्याकडं." रविवार होता, काही मुली जिन्यावर पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. त्यांतली उज्वला म्हणून बारावीची मुलगी आहे, ती उठली आणि किसणी घेऊन बसली. मग आणखी चार आल्या. मला तिथे उभं राहायला संकोच वाटत होता. उज्वला म्हणाली, "दादा, चादरी आमच्याच आहेत. तुम्ही कशाला लाजताय?" मी घड्याळाकडे बघत राहिलो.

पहिल्या दिवशी काही फरक दिसला नाही. मी केवळाबाईंना म्हटलं, नाही निघत. त्या म्हणाल्या, "आजच्या आज सगळं निघाया पायजे का तुला?" दुसऱ्या दिवशी डागांच्या कडा पुसट झाल्या. चौथ्या दिवशी चौदापैकी अकरा चादरी स्वच्छ झाल्या. मी उन्हात धरून एकेक इंच पाहिला. उरलेल्या तिन्हींवर फिक्कट सावली राहिली. आप्पासाहेब म्हणाले, टाकून द्या. केवळाबाईंनी त्या उचलून घेतल्या. "रगताचा डाग हाय, पाप न्हाई," म्हणाल्या, आणि आपल्या खोलीत खाटेवर घातल्या.

आता मशीनला फक्त गार पाणी आहे. गरम नळाचा रबरी पाइप सोडवला तेव्हा तो आतून फुगलेला आणि मऊ झालेला होता. आणखी महिनाभरात तो फुटलाच असता. पुस्तक उज्वलाने वाचून मला मराठीत सांगितलं, मी वहीत उतरवून घेतलं. निळ्या चकतीचा अर्थ दुसऱ्याच पानावर होता.

सोलरच्या पाण्याचाही मार्ग निघाला. तो नळ मी मेसच्या भांडी घासायच्या मोरीवर नेला. तेलकट पातेली त्या पाण्याने पटापट निघतात. आप्पासाहेब मोरीपाशी उभे राहून म्हणाले, "फुकटचं पानी जाग्याला लागलं बगा." नव्या इमारतीचं ते अजून बोललेले नाहीत. पण तिथे मोरी कुठे हवी आणि नळ कोणत्या भिंतीत, हे मला परवा विचारलं.

जेबाची परीक्षा सुरू झाली असेल. विकरांवर प्रश्न आला तर तिला पैकीच्या पैकी मिळोत.

तुमचा
शारिक

—

लातूर
१७ मे २००४

प्रिय जेबा,

दुवा. मामू काल संध्याकाळी बिलोलीला परत सुखरूप पोचले असतील. तरी हे पत्र तुला लिहितो आहे, कारण इथे काय झालं ते तुला ते पूर्ण सांगणार नाहीत.

ते उदगीरवरून एसटीने आले आणि घरी पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "मशीन दाखव." अम्मी म्हणाली, "भाईजान, आधी बसा तरी." ते म्हणाले, "तिथेच बसतो."

सुट्टी असल्याने वसतिगृहात मुली थोड्या आहेत. केवळाबाईंनी मशीनसमोर स्टूल ठेवलं. मामूंनी आपल्या पिशवीतून एक पांढरी चादर काढली आणि स्वतःच्या हाताने आत टाकली. मी बटण दाबलं. पाणी येऊ लागलं. मामूंना काचेतलं दिसत नाही, म्हणून त्यांनी काचेवर तळहात ठेवला.

"गार आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "हो मामू, आता थोडा वेळ गारच राहील."

ड्रम थोडा फिरायचा, थांबायचा, पुन्हा थोडा फिरायचा. ते कान देऊन ऐकत होते. दहा मिनिटांनी पुन्हा हात ठेवला. "अजून गारच. भिजवते आहे." मग त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, डोळा लागला. पण हात काचेवरच होता. एकदम म्हणाले, "शारिक, आता कोमट झालं." आणि थोड्या वेळाने, "आता जाळ लागला बघ." सव्वा तास ते तिथून हलले नाहीत. मशीन थांबली तेव्हा काचेवर त्यांच्या पंजाचा ठसा होता.

"हिच्यात हौद पण आहे आणि भट्टी पण," म्हणाले. "ज्याने बनवली त्याच्या बापानेही त्याला थप्पड दिली असणार."

केवळाबाई चादर काढत होत्या. मामूंनी त्यांना विचारलं, "बहन, माझी नात इथे राहिली तर तिच्या चादरीला पहिलं पाणी कोणतं?"

केवळाबाईंनी चादर झटकली आणि म्हणाल्या, "गार. दुसरं कुनी घातलं तर मला सांगायला लावा तिला."

मामू उठले. काठी शोधली. मला वाटलं, आता घरी जायचं म्हणतील. ते आप्पासाहेबांच्या खोलीकडे वळले आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, जूनमध्ये एक खाट राखून ठेवा. नाव जेबा."

आप्पासाहेबांनी तुझं नाव वहीत लिहिलं आणि त्यांना चहा पाजला. चहा पिता पिता आप्पासाहेब मला म्हणाले, नव्या इमारतीच्या चार मशीनी पंधरा जूनला येणार आहेत, तुम्ही सकाळी आठला हजर राहा. मी साडेसातला जाणार आहे.

निकाल लागला की कळव. येताना दोन चादरी, एक बादली, एक कुलूप एवढं आण. मामूंनी आणलेली पांढरी चादर केवळाबाईंनी परत दिली नाही. इस्त्री करून कपाटात ठेवली आहे. वर कागदाला टाचणी लावून तुझं नाव मला लिहायला लावलं. ती तुझ्या खाटेवर पहिल्या दिवशी असेल.

तुझा
शारिक भाई